एप्रिलमधला कोट

पेटी उघडली की डांबराच्या गोळ्यांचा वास येतो आणि मी थेट बाभुळगावच्या चौदा एप्रिलच्या जयंतीच्या मंचावर पोचते. सातवीतली मी, ज्यांची जयंती त्यांच्याच वेशात, त्यांचं भाषण म्हणायला उभी होते. माझ्या वडिलांचा कोट गुडघ्यापर्यंत लोंबत होता.

पाहुणे आलेले पाटील हसले. “पोरी, एवढ्या उन्हात कोट कायले? काढ, भोवळ येईन.”

सगळा मंडप हसला. मी पहिलं वाक्यच विसरले, हात बटनाकडे गेला.

खालून आई म्हणाली, “राहू द्या, पाटील. हा कोट अंगावर याले आमच्या पिढ्या उन्हात गेल्या. घंटाभरानं तिले काय होते?”

मग मी अख्खं भाषण ठणकावलं, तेही दोनदा.

आता कोट पोटावर घट्ट होतो. उद्या जयंती आहे, पारा बेचाळीसवर. मी इस्त्री तापत ठेवली आहे.