दुखणं अक्काचं, सांगणार मामंजी

आमच्या घराला डॉक्टर होता, घरातल्या बायकांना नव्हता. लग्न होऊन वडीगोद्रीला आले आणि पहिल्याच वर्षात हे माझ्या लक्षात आलं. तेव्हा आलेला संताप अजून उतरलेला नाही, आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

निजामाचं राज्य जाऊन थोडी वर्षं झाली होती. शहागडला एक तरुण डॉक्टर येऊन बसला होता, हैदराबादला शिकलेला. एका मारवाडी व्यापाऱ्यानं आपल्या दुकानाशेजारची खोली त्याला दवाखान्याला दिली होती. त्याआधी आमच्या भागात होता एक म्हातारा हकीम, तोही निम्मा वेळ स्वतःच आजारी. त्यामुळे खरा डॉक्टर मिळाला याचं सगळ्यांना भारी कौतुक. सासरे तर ज्याला त्याला सांगायचे, "आपला घरचा डॉक्टर हाय." बाजाराच्या दिवशी घोडीवरून शहागडला गेले की दवाखान्यात ठाण मांडायचे, चहा प्यायचे, राजकारण करायचे आणि उठता उठता घरातली दुखणी सांगायचे. जाताना घरून धुतलेली रिकामी बाटली न्यायचे. ती लाल औषधानं भरून यायची, अंगावर डोसांच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवून.

पुरुष आजारी पडला की तो स्वतः जायचा. बाई आजारी पडली की बाटली जायची.

घरात गोषा होता. सुनांनी सासऱ्यांच्या समोर यायचं नाही, त्यांच्याशी बोलायचं नाही. काही सांगायचंच असेल तर दाराआडून बांगड्या वाजवायच्या, म्हणजे ते खाकरून गडीमाणसाला पाठवायचे. मी जालन्याची. वडील सरकी-रुईच्या कारखान्यात कामाला होते. आई आम्हा भावंडांचा हात धरून स्वतः डॉक्टरपुढे जाऊन बसायची आणि त्याच्या दोन शब्दांना चार ऐकवायची. अशा घरातली मुलगी बांगड्या किती दिवस वाजवणार?

सासूबाई नव्हत्या. घर चालवायची ती माझी थोरली जाऊ. तिला मी अक्का म्हणायची. जावाजावांचं पटत नसतं, असं लोक गृहीतच धरतात. आमचं पटायचं. माझ्या भाकरीला पापुद्रा येईना तेव्हा ती आपल्या हातच्या भाकरी माझ्या म्हणून ताटात वाढायची, आणि वर म्हणायची, "धाकटीच्या हाताला चव हाय बरं का." ती मला जीव की प्राण होती, हे सरळच सांगते.

त्या दिवाळीनंतर अक्काचं महिन्याचं जाणं थांबेना. चार दिवसांचं काम, ते पंधरवडा झाला, महिना झाला, तरी चालूच. कुणाला कळलं असतं तर तिला बाजूला बसवून ठेवलं असतं, तेही किती दिवस, देव जाणे. म्हणून ती गप्प राहिली. चुलीपुढे बसल्या बसल्या डोळे मिटायची. ओठांचा रंग गेला. तिची फडकी मी विहिरीच्या मागच्या बाजूला, कुणी नसताना धुवायची. मला तिला सांगावंच लागलं होतं, कारण तिला वाकवत नव्हतं.

आणि हे दुखणं डॉक्टरपर्यंत पोचलं कसं, तर अक्कानं आपल्या नवऱ्याला सगळं सांगितलं. तो मनानं चांगला, पण वडिलांपुढे त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. बायकोचं असलं काही वडिलांना सांगायचं म्हणजे धरणी दुभंगावी असं त्याला झालं. तो म्हणाला, "तिला अशक्तपणा हाय." सासऱ्यांनी शहागडला जाऊन सांगितलं, "थोरल्या सुनेला जरा अशक्तपणा हाय, जेवणखाण बराबर न्हाई." डॉक्टरनं भूक लागायचं औषध दिलं. अक्कानं ते इमानेइतबारे संपवलं. बाटली पुन्हा गेली, पुन्हा भरून आली. कुणी खोटं बोललं नव्हतं. प्रत्येकानं लाज वाटली तेवढं गाळलं, आणि शेवटी दुखणंच गळून गेलं.

फरक पडेना म्हणून एकदा डॉक्टर घरी आला. मला वाटलं, सुटलो! पण ओसरीच्या आतल्या दारावर जाजम टांगलं होतं. बाहेर डॉक्टर आणि सासरे, आत आम्ही दोघी. अक्कानं जाजमाखालून हात बाहेर काढला. डॉक्टरनं नाडी धरली, नखं पाहिली, तळहात उलटा-सुलटा केला.

"फार पांढरा पडलाय हात," तो म्हणाला. "रक्त जातंय का कुठून?"

"न्हाई न्हाई," सासरे म्हणाले, "बिलकुल न्हाई."

मी ताडकन तोंड उघडलं. अक्कानं दुसऱ्या हातानं ते दाबून धरलं. एक हात डॉक्टरच्या हातात, दुसरा माझ्या तोंडावर. इतकी अशक्त बाई, पण त्या हाताला कुठून एवढी ताकद आली कोण जाणे. डॉक्टर गेल्यावर मी तिच्यावर चिडले. ती म्हणाली, "मामंजींच्या समोर सांगू? मरून जाईन, पर सांगणार न्हाई."

"मरूनच जाऊन राह्यल्यात तुम्ही," मी म्हणाले. मग मी ठरवलं.

पुढच्या बाजाराला सासरे घोडीवरून निघून गेले. थोरले दीर शेतावर होते, माझे यजमान औरंगाबादला शिकत होते. मी सालगड्याला सवारी गाडी जुंपायला सांगितली. म्हातारा घाबरला. "धाकल्या वैनी, मालक माझी चामडी सोलतील."

"मालकांना सांगा, धाकटीनं नेलं. खरं तेच सांगायचंय, त्यात भ्यायचं काय?"

अक्काला मी जवळजवळ उचलूनच गाडीत ठेवलं. गाडीला दोन्हीकडून पडदे. वाटभर ती एकच धरून होती, "माघारी फिरव गं."

"आजपर्यंत बाटली गेल्ती," मी म्हणाले. "आज तिच्या बदल्यात तुम्ही चला."

तेवढ्या हालातही ती हसली. त्या हसण्यावर मी शहागडपर्यंत तग धरला.

दवाखान्याच्या बाकावर बसलेले बाप्ये आम्हाला पाहून उठले आणि बाहेर जाऊन टकमक बघत उभे राहिले. बघू देत. मी अक्काला बाकावर टेकवलं. डॉक्टरनं आमच्याकडे पाहिलं, आणि शपथेवर सांगते, त्यानं प्रश्न विचारला तो सालगड्याला!

"बाईला काय होऊन राह्यलंय?"

सालगडी आपल्या पायाचे अंगठे बघत राहिला.

"त्यांना काय विचारता?" मी म्हणाले. "दुखणं काय त्यांच्या पोटात हाय?"

डॉक्टर गोरामोरा झाला. "तसं न्हाई बाई. इकडची रीत हाय, म्हणून..."

"मंग औषध बी त्या रीतीलाच पाजा."

तो शिकलेला माणूस होता, स्वभावानंही वाईट नव्हता. पण रीत पाळण्यात त्याचीही सोय होती. बाप्यांशी बोलणं सोपं, आणि गावात नाव चांगलं राहतं. ते मी त्याला तिथंच ऐकवणार होते, तेवढ्यात दारात अंधार झाला. सासरे उभे होते. आपली सवारी गाडी दवाखान्यापुढं उभी असल्याची बातमी बाजारात त्यांच्यापर्यंत कुणीतरी पोचवली होती.

त्यांनी आमच्याकडे पाहिलंही नाही. सालगड्याला म्हणाले, "गाडी जुंप. बायकांना घरी ने."

माझा पदर डोक्यावरून घसरून खांद्यावर आला होता. हात सवयीनं वर गेला. मी तो खाली घेतला. इतकं बरं मला त्या घरात आल्यापासून वाटलं नव्हतं.

"मामंजी," मी म्हणाले. त्यांच्याशी मी बोललेला हा पहिला शब्द. "गाडी जुंपायची न्हाई. डॉक्टरसाब अक्काला तपासल्याबिगर आम्ही उठणार न्हाई. नेयाचं असलं तर उचलून न्या, सगळा बाजार बघंल."

सासऱ्यांचा चेहरा लालबुंद झाला. डॉक्टर माझ्याकडं बघेना, त्यांच्याकडंही बघेना. तो उठला, खुर्ची ओढून अक्काच्या समोर बसला आणि त्यानं आमच्या घरी विचारलेला प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी हळू आवाजात, तिच्या तोंडाकडं बघून.

"रक्त जातंय का कुठून?"

"बिलकुल..." सासरे सुरू झाले.

"जातंय," अक्का म्हणाली.

तिचा आवाज त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. इतकी वर्षं तिनं रांधलेलं जेवले होते ते.

"दिवाळीपासून जाऊन राह्यलंय, मामंजी. रोज. धाकटी माझी फडकी धुती." आणि मग तिला रडू कोसळलं, पण रडता रडताही ती सगळं सांगत राहिली, कधी, किती, कुठं दुखतं. मी मध्ये एक शब्द बोलले नाही. माझं काम संपलं होतं.

डॉक्टरनं सगळ्यांना बाहेर काढलं. तपासून झाल्यावर म्हणाला, पिशवीत गाठ असावी, अंगात रक्त राहिलेलं नाही, इथं काही होणार नाही. आजच्या आज जालन्याला न्या, तिथं बायकांच्या डॉक्टरीणबाई आहेत.

सासरे पायरीवर बसले होते. त्यांनी ऐकलं. बराच वेळ काठीनं माती उकरत राहिले. मग उठले आणि सालगड्यालाच म्हणाले, "गाडी मोटारीच्या अड्ड्यावर घे." मोटारीत पुढच्या बाकावर बसले, आमच्याकडं पाठ करून. मी त्यांचे आभार मानले नाहीत. कशाबद्दल मानायचे?

अक्का वाचली. गाठ निघाली, आणि उन्हाळ्यात ती पुन्हा आपल्या हातच्या भाकरी माझ्या म्हणून वाढायला लागली. गावानं मला उद्धट, बेशरम, बाजारात डोकं उघडं टाकणारी असं पुष्कळ म्हटलं. ते सगळं खरं आहे. त्यातलं एकही मी आजपर्यंत नाकारलेलं नाही.

पण त्या दिवशी जालन्याला पोचलो तेव्हाचं एक सांगायचं राहिलं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. बाकावर आम्ही दोघी होतो, पलीकडं सासरे उभे होते. बाईंनाही तीच सवय. सासऱ्यांकडे वळून त्यांनी विचारलं, "काय त्रास आहे हिला?"

सासऱ्यांनी तोंड उघडलं. मी उठायच्या तयारीत होते. ते थांबले, पागोटं सारखं केलं आणि भिंतीकडं बघत म्हणाले, "तिलाच इचारा."