कोरडं फडकं

बेकरीत सगळे तिला फुलवाली म्हणत. केकवरची साखरेची फुलं तिच्या हातची, आणि इतकी हुबेहूब, की मालक गिऱ्हाइकाला बजावी, "वास घेऊ नका, फसाल." त्या कामात हाताला पाणी लावायची सोय नसते. ओलं बोट लागलं की पाकळी विरघळलीच. म्हणून दिवसभर हात पुसायचे ते कोरड्या फडक्याला.

पोटात बाळ होतं. आधीचं पोटातच गेलं होतं. त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी गरोदरपणातली साखर निघाल्याचं सांगितलं तेव्हा तिने आधी बाळ वाचेल ना, एवढंच विचारलं. जेवणानंतर बोटाला सुई टोचून यंत्रावर आकडा बघायचा होता. रात्री घरी आकडा बरा यायचा, दुपारी बेकरीत मात्र भलताच चढा. तिने दुपारचा पाव निम्मा केला. मग सोडला. मग सकाळचंही सोडलं. आकडा जागचा हलेना.

"वजन का उतरतंय? जेवता ना नीट?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"जेवते की," ती म्हणाली.

घरी सासू पाठीस लागायची. "चोरून खातेस का काही? सांग बाई, मी काही फासावर देत नाही."

"आई, पाण्याशिवाय काही नाही हो पोटात!"

त्या दुपारी आकडा पुन्हा चढलेला, आणि सकाळपासून बाळ हललं नव्हतं. फुलवाली फुलं अर्धी टाकून घरी आली आणि दारातच बसली. सासूने तिच्या पिशवीतून यंत्र काढलं.

"अगं, याला मुंग्या लागल्यात! रक्तसुद्धा..." थट्टा अर्ध्यावरच राहिली. सासूने सुनेचं बोट धरलं आणि सरळ आपल्या जिभेला लावलं.

"गोड आहे गं. हात धुऊन टोचतेस ना?"

"पुसते की. फडक्याला."

सासूने तिला नळाखाली धरलं, साबणाने बोटं खसखसून धुतली, कोरडी केली. सुई टोचली. आकडा इतका खाली, की दोघींनी यंत्र आपटून पाहिलं. पुन्हा टोचलं. तोच.

फोनवर डॉक्टरीणबाई ओरडल्याच. "आधी साखरपाणी पाजा! मग खायला द्या आणि तशाच घेऊन या!"

सासूने पेला तोंडाशी नेला. फुलवालीने दात घट्ट मिटले.

"उपाशी मारलं मी त्याला, आई. माझ्या हातांनी."

"नंतर रड. आता पी. तुला नको असेल, त्याला हवंय."

ती प्याली. घोट गिळताना उचक्या येत होत्या. सासूने एका हाताने टॅक्सीवाल्याला फोन लावला, दुसरा तिच्या पोटावर ठेवला.

"हललं?"

"नाही."

"अजून एक घोट घे."

तिने घेतला. दोघी हात न हलवता बसून राहिल्या.

"आता?"

खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. फुलवाली पेला घट्ट धरून उठली, उरलेलं वाटेत प्यायला.