पाण्याचा रकाना

लॅव्हेंडरचं रोप मी हलकं ओढलं आणि ते मुळांशिवाय हातात आलं. मुळं कुंडीतच राहिली होती, तपकिरी आणि बुळबुळीत. नाल्यासारखा वास येत होता. शेजारचं रोप ओढलं. तेच. थाइमची कुंडी उचलली तर खालून पाणी ठिबकलं.

"किती गेली?" मिशेलने दारातून विचारलं. मिशेल आमची डायरेक्टर. कोल्ड रूममध्ये ती पाऊल टाकत नाही, सर्दी होते म्हणते.

"मोजावी लागतील."

"मोज. आणि कशी गेली ते लिही. मला सोमवारी रिपोर्ट हवा."

आमची कंपनी ऑफिसं आणि मॉलना झाडं पुरवते. सिंगापुरातल्याच पाया लेबार भागातल्या एका मॉलला एप्रिलमध्ये इंग्लिश बाग हवी होती. लार्कस्पर आणि कॉर्नफ्लॉवर ही तिकडे शरद ऋतूत पेरायची फुलं. गव्हाला ओंबी धरण्याआधी थंडी लागते, तसंच यांचं. लॅव्हेंडर, थाइम, सेज यांनाही हिवाळाभर विश्रांती लागते. सिंगापूरला हिवाळा नाही, म्हणून आम्ही तो मशीनने करतो. एक बंद खोली, पाच डिग्री, थोडा प्रकाश. सप्टेंबरात पेरायचं, ऑक्टोबरात आत ठेवायचं, नवीन वर्षात बाहेर काढायचं.

थंडीने झाडं मरतात असं लोकांना वाटतं. ही झाडं सहसा थंडीने मरत नाहीत. ओल्या पायांनी मरतात. पाच डिग्रीला झाड जवळजवळ पाणी पीतच नाही. आज घातलेलं पाणी आठवडाभर मुळांशी बसून राहतं, आणि मुळं कुजतात.

हे मला माहीत होतं. मी पुण्याची, शेतकी पदवीधर, वीस वर्षं हेच काम करते. तरीही कोल्ड रूमची चेकलिस्ट मी बाहेरच्या नर्सरीच्या चेकलिस्टवरून कॉपी केली. बाहेर बत्तीस डिग्री असतात. तिथे पाण्याचा रकाना रोजचा.

खोली मुरुगन सांभाळायचे. तंजावरकडचे, माझ्याहून सात वर्षांनी मोठे, वर्क परमिटवर. आमचं बोलणं मोडक्या इंग्रजीत चालायचं, इथे मराठीत देते.

पहिल्याच आठवड्यात ते कागद घेऊन आले. "मॅडम, ही झोपलीयत. झोपलेल्याला उठवून पाणी पाजतात का?"

"मग हे चौकोन रिकामे का?"

"पाणी दिलं नाही म्हणून रिकामे."

"मुरुगन, ऑडिटला रिकामा चौकोन म्हणजे काम झालं नाही. मागच्या वर्षी मी बोलणी खाल्लीत. चौकोन रिकामा ठेवायचा नाही. यादी मी शुक्रवारी बदलते."

ते हसले. "बरं. शुक्रवारपर्यंत पाजतो."

माझ्या डायरीत त्या दिवशी नववं काम आहे: 'कोल्ड रूम लिस्ट बदलणे'. शुक्रवारी ते पुढच्या आठवड्यावर ढकललं. मग त्याच्या पुढच्या. दर वेळी मी ते नीट अक्षरात उतरवून काढलं. सात वेळा. मुरुगननी आणखी दोनदा विचारलं, नंतर विचारणं सोडलं.

त्यांनी पाणी न देता टिक मारली असती तर झाडं वाचली असती. मी वरवर चाळून सही केली असती. पण खोटी टिक त्यांना जमत नव्हती.

मोजणी झाली. तीनशे चाळीस कुंड्यांपैकी तीनशे बारा गेल्या. फुलांचे ट्रेही गेले, मागच्या रॅकवरचे चार सोडून. ते जादाचे होते, लार्कस्परचे, यादीत नव्हते. मी मुरुगनना विचारलं, "यांना पाणी?"

"बोट घालून बघतो. कोरडं लागलं तर देतो. दोनदा दिलं."

रोपं बुटकी, घट्ट, हिरवीगार होती.

रिपोर्टच्या पहिल्या मसुद्यात मी लिहिलं: चेकलिस्ट चुकीची, ती मी तयार केली. मिशेलने वाचलं आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

"तुझा ईपी जूनमध्ये रिन्यू व्हायचा आहे ना?"

"हो."

"मग असं कशाला लिहितेस? पाणी जास्त झालं, एवढं पुरे. पाणी तू घातलंस का?"

ईपी म्हणजे माझा इथे नोकरी करायचा परवाना. नवरा दोन वर्षांपासून घरी. मुलगी ज्युनियर कॉलेजला. ही वाक्यं मी तेव्हा मनात म्हटली, आजही म्हणते. रिपोर्टमध्ये लिहिलं: 'कोल्ड रूममध्ये अतिरिक्त पाणी दिल्यामुळे मूळकूज.' एक शब्द खोटा नाही. नाव लिहिलं नाही. गरजच नव्हती, प्रत्येक चौकोनात मुरुगनची टिक होती. त्या चार ट्रेचा उल्लेख मी केला नाही.

त्यांचं परमिट फेब्रुवारीत संपत होतं. कंपनीने वाढवलं नाही. किल्ल्या द्यायला ते माझ्या टेबलाशी आले. मी म्हटलं, "मुरुगन, मला वाईट वाटतंय."

"मॅडम, एकही चौकोन रिकामा नाही," ते म्हणाले. "बघून घ्या." किल्ल्या टेबलावर ठेवून गेले.

एप्रिलमध्ये बाग उभी राहिली. बहुतेक झाडं फुललेलीच विमानाने मागवली. फक्त पुढची निळ्या लार्कस्परची रांग आमची, त्या चार ट्रेमधली. लोक तिच्यासमोर उभे राहून फोटो काढत होते. मिशेलनेही काढला.

यादी मी मुरुगन गेल्यावर त्याच आठवड्यात बदलली. वीस मिनिटं लागली. पाण्याच्या रकान्यात आता दोन पर्याय आहेत: 'दिलं' आणि 'गरज नव्हती'. नवा माणूस रोज 'गरज नव्हती'वर टिक करतो. मातीत बोट घालून बघतो की नाही, मला माहीत नाही. त्याचा रकाना यादीत नाही.