सावकाश चालणाऱ्या मुली

रंगभूमी माणसाला जगाशी जोडते म्हणतात. शाळेत नाटक शिकवणाऱ्या आमच्या जुईनगरच्या शेजारीणबाईंनी तिला आधी सोसायटीच्या पार्किंगशी जोडलं. तिथे सातवीच्या मुली जपानी मुखवटा-नाटकातली चाल शिकत, पाऊल न उचलता इंचाइंचानं सरकत. बाई स्वतः मात्र चालण्याबोलण्यात कायम घाईत. "हळू गं, हळू! टेन्शन काय आहे?"

स्नेहसंमेलनात मुख्याध्यापकांनी बजावलं, "मॅडम, पाच मिनिटांत आटपा. लोक कंटाळले तर पुढच्या वर्षी तुमचा तास बंद."

"सर, पाच मिनिटांत तर पहिली मुलगी विंगेतून बाहेर येते."

मुली सरकत राहिल्या. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. शेवटी टाळ्या थांबेनात, तेव्हा मुख्याध्यापकांनी माइकवरूनच बाईंचा तास कायम केला.

वेळेअभावी प्रमुख पाहुण्यांचं भाषण रद्द झालं.