दाऊदचाचांनी घासलेली भिंत

दाऊदचाचा कुठल्याही भिंतीजवळ गेले की आधी ती नखाने खरवडायचे. मग ती दवाखान्याची असो, पेट्रोलपंपाची असो, की माझ्या भाड्याच्या खोलीची. कुणाला दिसणार नाही अशा कोपऱ्यात अंगठ्याचं नख घासायचं, वाकून पाहायचं आणि पुढे चालू लागायचं. मी त्यांची खूप थट्टा करायची. "चाचा, सरकारी भिंत खाल्ली म्हणून एक दिवस आत टाकतील हं तुम्हाला!" ते हसायचे नाहीत. "माजी नाय ही," एवढंच पुटपुटायचे. त्या बोलण्याचा अर्थ विचारावा असं मला कधी वाटलं नाही.

मी नाशिकची. फिजिओथेरपिस्ट म्हणून सौदीला निघाले तेव्हा आईने बॅगेत सुती कपडेच कोंबले होते. सौदी म्हणजे वाळू आणि ऊन, असं आमच्या घरात सगळ्यांचं पक्कं मत. नोकरी लागली ती अब्हा शहराच्या पलीकडच्या डोंगरात, जिथे पहिल्याच आठवड्यात मला स्वेटर विकत घ्यावा लागला. दवाखान्याच्या खिडकीतून ज्युनिपरची झाडं दिसायची, दुपारनंतर दरीतून धुकं वर यायचं, आणि माकडं कचऱ्याच्या डब्यावर हक्क सांगत बसलेली असायची. गावातली जुनी घरं दगडमातीची, उंच. पावसाने माती वाहून जाऊ नये म्हणून भिंतींतून चपट्या दगडांच्या ओळी बाहेर काढलेल्या. खाली उतरत्या पायऱ्यांची शेतं, त्याखाली दरी, त्या दरीखाली आणखी एक दरी. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना व्यायाम शिकवायचे हे माझं काम, आणि मला तिथवर पोचवणारी गाडी दाऊदचाचांची.

चाचा रायगडच्या किनाऱ्यावरचे. साठी उलटलेली, अंगाने सडपातळ, डोक्यावर विणलेली पांढरी टोपी. मी मराठी आहे हे कळल्यावर त्यांनी मला "मॅडम" म्हणणं तिथल्या तिथे सोडून दिलं आणि "बाय" म्हणायला लागले. ते मूळचे रंगारी. तरुणपणी याच डोंगरात रंगकामाला आले. रंगाच्या वासाने छाती धरायला लागली तेव्हा कफीलने, म्हणजे तिथल्या मालकाने, ब्रश काढून घेऊन हातात स्टीअरिंग दिलं. पण त्यांच्यातला रंगारी काही गेला नाही. कुठल्याही घरापाशी उतरले की माझ्या आधी त्यांचा तळवा भिंतीवर. "भिंत डोल्यानं नाय बघायची, बाय. डोला फसतो. तलव्यानं बघायची. तलव्याला खड्डा बी कलतो, उंचवटा बी कलतो." आणि कुणाच्या घरात भिंतीचे पापुद्रे सुटलेले दिसले की त्यांचा जीव वरखाली व्हायचा. "ह्याला काम बोलतात? घासला नाय, लांबी-पुट्टी भरली नाय, मारला तसाच वरून. चोर साले!"

अशा बेफिकीर रंगाऱ्यांनी रंगवलेल्या भिंती गावात बऱ्याच होत्या, आणि गाव आता त्यांनाच दुवा देत होतं. त्याचं असं आहे. या डोंगरातल्या बायका पूर्वी बैठकीची खोली आतून स्वतः रंगवायच्या. काळ्या रेघा, तांबडे-पिवळे त्रिकोण, चौकटी, जाळ्या, आणि खालचा पट्टा बरसीम घासाचा पाला चोळून हिरवागार केलेला. पुरुषांनी त्यात हात घालायचा नाही. सासूने सुनेला शिकवायचं, शेजारणींनी मदतीला यायचं, आणि पाहुण्याने आत पाऊल टाकताच घरच्या बाईची करामत बघावी. पुढे डांबरी रस्ता वर आला, शहराचं वारं लागलं, आणि लोकांना त्या रेघा गावंढळ वाटायला लागल्या. ज्याला त्याला दिवाणखाना हवा होता गुळगुळीत, फिका, रियाधसारखा. तेव्हा त्या रेघांवर रंग मारायचं काम ज्यांनी केलं त्यांतले एक दाऊदचाचा. आता परत वारं फिरलं. उन्हाळ्यात जुबैल-रियाधहून थंड हवेला येणारे लोक या रंगीत खोल्या शोधत फिरतात, फोटो काढतात. घराघरांतून ऑइलपेंटचे पापुद्रे काढले जात होते, आणि खालून आजीच्या, पणजीच्या रेघा वर येत होत्या. मीही असे फोटो काढून नाशिकला पाठवायची. चाचा तेवढा वेळ गाडीपाशी पाठ करून उभे असायचे.

एकाच घरापाशी मात्र ते गाडी नेत नसत. गावाच्या अगदी टोकाला, कड्यावरच्या उम्म सालेहच्या, म्हणजे सालेहच्या आईच्या, घरी. अलीकडच्या वळणावर ते गाडी थांबवायचे आणि म्हणायचे, "चढावर गाडी तापते." त्याहून उभे चढ त्यांची गाडी मुकाट चढायची, पण म्हाताऱ्या माणसाशी वाद कोण घालणार? मी पिशवी सांभाळत चढायची.

उम्म सालेह सत्तरीची असावी. तिचा उजवा खांदा आखडलेला. सून नूरा कॉफी आणून ठेवायची, आणि बैठकीच्या फिक्या पिस्ता रंगाच्या भिंतीवर मी म्हातारीची बोटं ठेवून तिला हळूहळू वर चढवायला लावायची. भिंत कशी होती म्हणता? एक पापुद्रा नाही, एक भेग नाही. म्हातारी कुरकुरायची, मला "दक्तूरा", म्हणजे डॉक्टरीणबाई, म्हणत शिव्याही द्यायची, पण बोटं चढवायची. एकदा नूरा उत्साहाने म्हणाली, "पुढच्या आठवड्यात अब्हाहून माणसं येणार आहेत. ही भिंत उघडायची. सासूबाईंच्या हाताचं काम आहे खाली. खालच्या दऱ्यांतून बायका बघायला यायच्या म्हणतात." म्हातारीने बोटं भिंतीवरून काढून घेतली.

परतताना मी ही बातमी चाचांना मोठ्या कौतुकाने सांगितली. त्यांनी गाडी एकदम हळू केली. मी दोनदा विचारलं, "बरं वाटत नाही का?" गाडी माझ्या खोलीशी उभी राहिली तेव्हा तोंड रस्त्याकडे ठेवूनच ते म्हणाले, "तित काय नाय, बाय. खाली काय बी नाय. मी घासलाय तो."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बाकीच्यांनी रेघांवर नुसता रंग फासला, म्हणून तो सुटतो आणि रेघा वाचतात. चाचांनी तसं केलं नाही. चाचांचं काम चोख. रंग धरावा म्हणून त्यांनी आख्खी खोली पॉलिश पेपरने घासून सपाट केली, लांबी भरली, पुन्हा घासली, मग रंगाचे तीन हात मारले. "माजा रंग सुटनार नाय, असा मी छाती काढून सांगलेला तिला." या डोंगरात त्यांनी अशी किती घरं केली असतील! नखाने ते शोधत होते ते हेच, कुठे तरी आपल्या हातून काम कच्चं राहिलं असेल का. पण पापुद्रा सुटला की ती भिंत दुसऱ्याचीच निघायची. इतके महिने मी त्याच नखाची टिंगल करत होते. मला मान वर करवेना.

त्यांचा खुरूज लागला होता, म्हणजे कायमचं घरी जायचं ठरलेलं. गप्प राहिले असते तर भिंत उघडेपर्यंत ते अलिबागच्या अलीकडे पोचले असते. मी तसं सुचवलंही, आणि बोलून गेल्यावर जीभ चावली. ते म्हणाले, "तिच्या घरात परकी मानसं पत्री घेऊन घुसतील, भिंत खरवडतील, आनि खाली नुसता चुना. तिच्या समोर. नाय, बाय."

पुढच्या खेपेला वळणावर गाडी थांबली नाही. थेट दारात गेली.

चाचांनी चपला काढल्या, टोपी सारखी केली, आणि उंबऱ्यातच उभे राहून अरबीत सगळं सांगून टाकलं. खाली मान घालून, शाळेत उभं केलेल्या मुलासारखं. नूराच्या हातातला कॉफीचा कप तसाच राहिला. तिने एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. उम्म सालेह मात्र शांत होती.

"मला माहीत आहे, दाऊद," ती म्हणाली. "ती धूळ मीच झाडली. तांबडी, पिवळी, हिरवी धूळ. अंगणात डाळिंबाच्या बुडाशी टाकली. सालेहचं लग्न होतं, रियाधची माणसं येणार होती, आणि मला माझ्याच भिंतीची लाज वाटत होती. चांगलं काम कर, असं मीच तुला बजावलं होतं." मग ती सुनेकडे वळली. "तुला सांगायची हिंमत होत नव्हती."

मला वाटलं, संपलं. पण म्हातारीने डावा हात दाराच्या वरच्या बाजूला दाखवला. "तिथली ओळ माझ्या सासूने काढली होती. मला आता आठवत नाही ती. पुष्कळ आठवून पाहिलं. तिला शेवटचं बघणारा तू. काय होतं रे तिथे?"

चाचा पुढे गेले. दाराच्या वर हात पोचवून त्यांनी तळवा भिंतीवर ठेवला. बराच वेळ तसाच ठेवला. मग हात खाली घेतला आणि नाही म्हणून मान हलवली. म्हातारीने डोळे मिटून घेतले.

गाडीत बसल्यावर ते स्टीअरिंग धरून नुसते बसून राहिले. "मी बघितलाच नाय गो, बाय. दोन दिवस त्या भिंतीला नाक लावून होतो. तलव्याला उंचवटा लागला का घासला. डोल्यानं एकदा बी बघितला नाय." मी नुसता सीटबेल्ट लावला. काही बोलायला हवं होतं, असं आजही वाटतं.

ते गेले. विमानतळावर मी सोडायला गेले होते. तिथल्या खांबाला त्यांनी नख लावलं नाही.

हिवाळ्यात एकदा उम्म सालेहकडे गेले तर तिची बोटं काळी. नूराने कोळसा कुटून डिंकात कालवून दिला होता. व्यायाम करता करता म्हातारीने भिंतीवर रेघ ओढली होती, जिथवर हात पोचेल तिथवर. मग आठवड्या-आठवड्याला रेघा वर सरकत गेल्या, त्यांत तांबडा आला, पिवळा आला. मी आनंदाने काही बोलायला गेले तर तिने मला थांबवलं. "हे ते नव्हे. ते गेलं." थोड्या वेळाने म्हणाली, "याचा फोटो दाऊदला पाठव."

मी पाठवला. बरेच दिवस उत्तर आलं नाही. म्हटलं, लाजेने उघडलाच नसेल. मग फोनवर त्यांनी बोलून पाठवलेला निरोप आला, मागे कोंबडा आरवत होता. "खाली काली रेघ हाय, जाड. तिच्यावर दुसरी, बारीक, जरा वाकडी गेलीय उजवीकडं, तित तिचा हात दुखला असंल. मंग तांबडे त्रिकोन, एकमेकांना चिकटलेले. एक त्रिकोन अर्धाच सोडलाय. त्याच्या वर पिवला टिपका, त्याला बोटाचा ठसा हाय." असं बराच वेळ चाललं होतं, रेघ न् रेघ, घाई न करता. शेवटी त्यांनी विचारलं, "बरोबर बघितला ना, बाय, मी?"