आईने वेचलेले दात

मी थापाड्या आहे, हे वालावलीत कुणाला सांगावं लागत नाही. मी पाहिलेला साप दर सांगण्यागणिक हातभर वाढतो, आणि माझ्या आंबोलीच्या पावसात एकदा एस.टी. पोहत घाट उतरली होती. पण नशिबाने धंदा असा दिला की त्यात वाढवायला काही नाही. डायनासोरांच्या पायांखालून पळणारे चिचुंद्रीएवढे प्राणी होते. त्यांचे दगड झालेले दात मी अभ्यासतो. त्या दातापुढे मोहरीचा दाणा नारळ वाटेल. गाव विचारी, उंदराचे दात शोधूक तुका पगार देतत?

काम सोपं, पण जीव खाणारं. विदर्भात लाव्हाच्या दोन थरांमध्ये अडकलेली माती पोत्यांनी आणायची, भिजवायची, बारीक चाळणीतून धुवायची आणि उरलेला गाळ वाळवून कण न् कण निवडायचा. माझे डोळे तासाभरात दगा देत. म्हणून एका मे महिन्यात दोन पोती गाडीत घालून मी घरी आलो. आईने पडवीत बसून ताटात गाळ पसरला, माझं भिंग घेतलं आणि तांदूळ निवडावेत तशी निवडायला लागली. पहिले दोन दिवस तिने सवयीने वेगळं दिसेल ते अंगणात भिरकावलं. काय गेलं ते आमच्या कोंबड्यांनाच ठाऊक. तिसऱ्या दिवशी तिने बोटाच्या टोकावर एक कण माझ्यापुढे धरला.

"ह्यो खडो न्हय रे."

खडा नव्हताच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची दाढ होती.

त्यानंतर दर मे महिन्यात पोती येत राहिली, आणि पोत्यांबरोबर मीही. एरवी गणपतीलासुद्धा मला रजा नसे. ज्या दातांवर माझं नाव झालं, ते सगळे चौथी शिकलेल्या त्या बाईने वेचले. परिषदांमध्ये मात्र मी सांगत असे, की पहिली दाढ मला धावत्या जीपमधून दिसली. इतकं रंगवून सांगायचो की ती जीप मलाही आठवायला लागली.

पहिला निबंध छापून आला तो घेऊन घरी गेलो. आईने पदराला हात पुसले, कागद हातात घेतला आणि विचारलं, "माझां नाव खंय आसा?"

नव्हतंच. घालायचं सुचलं नाही, असं म्हणणार होतो, पण ती आणखी एक थाप होईल. सुचलं होतं. लोक हसतील म्हणून घातलं नाही. मी तिचं बोट धरून एका इंग्रजी ओळीवर ठेवलं आणि म्हणालो, हे बघ. विसरायला नको म्हणून तिने ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली. पुढे दर दसऱ्याला पुस्तकांच्या पूजेत त्या ओळीला हळदकुंकू लागत असे. ओळीत चाळणीच्या भोकांचं माप होतं.

मग काचबिंदूने तिचे दोन्ही डोळे नेले. एकदा फोनवर मी माझं कौतुक सांगत होतो, तेव्हा वहिनीला राहवलं नाही. आई भावाकडे, म्हणजे तिच्याकडेच असते. वहिनी म्हणाली, "ती ओळ आईंनी त्याच वर्षी माझ्याकडून वाचून घेतली होती, आणि मी खरं ते सांगितलं." आई तेव्हा एवढंच बोलली होती, "त्येका सांगू नको. लाजलो तर पोती हाडूचो नाय." पोती आणायची थांबली की माझं येणंही थांबणार, हे तिला ठाऊक होतं.

फोन ठेवल्यावर मी दिवसभर एकही थाप मारली नाही. हे माझ्या विद्यार्थ्यांना आजही खोटं वाटतं.

नंतरच्या निबंधात लेखकांमध्ये पहिलं नाव तिचं घातलं, पूर्ण. कुणी हसलं नाही. या मे महिन्यात तो छापील निबंध घेऊन गेलो. पडवीत तिच्या मांडीवर ठेवला, सगळं कबूल केलं आणि वहिनीला वाचायला हाक मारली. वहिनीने तिचं नाव आधी एकेक अक्षर आणि मग सबंध वाचलं. आईने मान कलती करून ऐकलं, मग वहिनीच्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवून हसली.

"तुकाव पढवल्यान मां?"

कुणी कुणाला पढवलेलं नाही, नाव खरंच छापलंय, अशा आम्ही दोघांनी देवाच्या शपथा घेतल्या. वहिनी रडायला लागली. आई माझा हात चाचपत म्हणाली, "आसूं दे रे झिला. पोती खंय आसत?"

पोती आणली नव्हती. कुणासाठी आणणार? मी म्हटलं, गाडीत आहेत. मग खाडीकाठी जाऊन बादलीभर रेती आणली, धुतली आणि ताटात पसरून तिच्यापुढे ठेवली. चहाची वेळ होईपर्यंत ती बोटांच्या टोकांनी कण न् कण पारखत होती. शेवटी एक माझ्या तळव्यावर ठेवला.

"ह्यो?"

शिंपल्याचा चुरा होता.

"दाढ," मी म्हणालो.

या वेळी तिने वहिनीला विचारलं नाही.