डोळा अडला

आमचं संस्थान विलीन झालं त्या वर्षी शाळा सोडून मी दूर बुऱ्हाणपुरात कापडाच्या मागावर कामाला लागलो. पुढे एका धाग्याचे दोन दिसू लागले, तेव्हा तिथल्याच, तापीच्या राजघाटाजवळच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी माझी हनुवटी धरली आणि लाल-निळी पेन्सिल हळूहळू डावीकडे नेली.

“मुंडी नको हलवू भाऊ, फक्त नजर. किती दिसतात?”

काम जाईल या भीतीनं मी “एक” म्हणालो.

ते रागावले नाहीत. “तू एक म्हणतो, पण तुझा डोळा पेन्सिलीपर्यंत आलाच नाही.” पेन्सिल त्यांनी खिशात ठेवली, हनुवटी सोडायला मात्र विसरले.

माग सुटलाच. त्यांचं नावही मी विचारलं नव्हतं. घर सोडल्यापासून मला लागलेला तो पहिला मायेचा हात होता, आणि त्याच्याशी मी खोटं बोललो होतो.